प्रभाताईच्या वहीत दुसऱ्यांची अक्षरं

कोल्हापूरला परत येऊन आठवडा झाला, तरी शाळेच्या शिक्षकखोलीत तोच प्रश्न येतो. "बाई, सहा दिवस रजा टाकून डोंबिवलीला? तिथं बघण्यासारखं काय आहे?" मी चित्रकला शिकवते. बघण्यासारखं काय आहे, हे मला तरी कुणी विचारू नये. मी सांगते, एक वही भरताना पाहिली. मग सगळे हसतात. म्हणून हे नीट लिहून काढते आहे.

निमित्त दाजींच्या फोनचं. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, प्रभाताईचे यजमान. ते फोनवर कधी दोन वाक्यांच्या पुढे जात नाहीत. त्या दिवशी चार वाक्यं बोलले. "अनू, तुझ्या बहिणीनं सगळ्या वह्या बांधून ठेवल्यात. रद्दीवाल्याला बोलवा म्हणतेय. मी आज-उद्या करत टाळतोय. तू ये."

ताई लग्न होऊन डोंबिवलीला गेली तेव्हापासून रोज अर्धं पान लिहायची. ठाण्याला सरकारी कचेरीत नोकरी, घर, मुलगी, सगळं सांभाळून लिहायची. भावना वगैरे नसायच्याच. 'आज लिफ्टवाल्याने मिशी काढली. दोन मजले ओळखलाच नाही.' एवढं की संपलं. सुट्टीत कोल्हापूरला आली की मी ते वाचून हसत लोळायची. मागच्या वर्षी तिला झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, पण उजवा हात परत आला नाही. वही त्या दिवशी थांबली ती थांबलीच.

सोमवार, कोपर

कल्याणला उतरले. दाजी गाडी घेऊन आले होते. वाटेत त्यांना कुणाचा तरी फोन आला आणि पहिलंच वाक्य कानावर पडलं, "ईस्टला की वेस्टला?" आमच्याकडे पत्ता विचारला की तालीम, चौक, देऊळ असं सांगत सांगत माणूस शेवटी तुमच्याबरोबर चालायलाच लागतो. इथे रुळांनी गाव मधोमध कापलंय आणि माणसंही. "ती ईस्टची आहे," हे ताई अशा सुरात म्हणते की बाई परगावची वाटावी.

कोपर स्टेशनजवळच्या त्यांच्या घरात शिरले तर दाराजवळच नायलॉनची दोरी बांधलेले तीन गठ्ठे. चपला त्यांना टेकून ठेवल्या होत्या. ताई खुर्चीत बसली होती. ओढणी पुढे घेऊन उजवा हात तिने त्याखाली ठेवला होता. हसली, पण उठली नाही.

"अगं, किती बारीक झालीस," ती म्हणाली. हे मी म्हणायला हवं होतं.

जेवायला समोरच्या पोळीभाजी केंद्रातून पोळ्या, मटकीची उसळ आणि डाळिंब्यांची भाजी आली. आमच्या आईने बाहेरची भाकरी घरात आलेली पाहिली असती तर शेजारी कोण आजारी आहे असं विचारलं असतं. इथे संध्याकाळी त्या दुकानापुढे चांगल्या घरच्या, चांगल्या पगाराच्या बायका रांगेत उभ्या असतात, आणि कुणालाही त्यात काही वाटत नाही. पोळ्या मऊ होत्या. भाजीत गूळ होता. मी ठेचा मागितला, तर दाजींनी लोणच्याची बरणी पुढे सरकवली.

जेवताना मी सरळ विषय काढला. "ताई, वह्या का देतेस?"

"जागा अडते."

"डाव्या हाताने लिहून बघ."

"बघितलं. पहिलीतल्या पोरीसारखं येतं. तसलं अक्षर मला नको."

"फोनवर बोलून—"

"फोन मला काय म्हणायचंय ते स्वतःच ठरवतो. 'मेथी' म्हटलं की 'मैत्री' लिहितो." तिने ताट सरकवलं. "सोड तो विषय. किती दिवस आहेस?"

"शनिवारपर्यंत," मी म्हणाले, आणि मनात ठरवलं की तेवढे पुरेत. पोरांकडून कसलाही हट्ट सोडवून घ्यायला मला फार तर आठवडा लागतो.

मंगळवार

पहिल्याच प्रयत्नात मी चूक केली, ती आधी सांगून टाकते.

दाजींकडून कोरी दोनशेपानी वही मागवली आणि ताईला म्हणाले, "तू सांग, मी लिहिते." ती तयार झाली. बाल्कनीत बसून म्हणाली, "लिही. सकाळी पाणी उशिरा आलं. समोरच्या गच्चीवर एक माणूस पतंगाचा मांजा गुंडाळत होता. कावळा बघत होता."

मी लिहिलं. लिहिता लिहिता हात पुढे गेला. कोवळं ऊन आलं, मांज्याची सोनेरी तार आली, एकटा कावळा आला. वाचून दाखवलं. ताई ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"कोवळं ऊन मी म्हटलं?"

"नाही, पण होतं ना."

"कावळा एकटा होता असं मी म्हटलं?"

"ताई, एवढं काय त्यात?"

"त्यात हेच की ती वही आता तुझी झाली. तुला लिहायचं असेल तर तुझं लिही. माझ्या नावावर कशाला?" ती काठी टेकत आत गेली.

 दाजींनी टीव्ही लावला, आवाज बंद ठेवून. मी ते पान फाडलं. शरमले होते हे खरं, पण मागे फिरायचं मनात आलं नाही. लिहिणं बाजूला ठेवून दुसरं काही करता येईल का, याचा विचार करत बसले. वर्गात ज्या पोरांना लिहायचा कंटाळा, त्यांच्याकडून मी दिवस उतरवून घेते. खडबडीत वस्तूवर कागद ठेवून पेन्सिल घासायची, खिडकीच्या गजांची सावली ठरावीक वेळी गिरवायची, चहाच्या कपाचं गोल ओलं वर्तुळ कागदावर उमटू द्यायचं. यातलं काहीही डाव्या हाताने करता येतं.

बुधवार, कल्याण

पहाटे उठवून मी दोघांना कल्याणच्या फूलबाजारात नेलं. दाजी म्हणाले, "इतकी वर्षं इथे राहतोय, कधी आलो नव्हतो." प्रत्येक गावात असं एक ठिकाण असतं. कोल्हापुरात मीही पन्हाळा पाहुण्यांबरोबरच बघते.

आत शिरलो आणि नाकातच सगळं घुसलं. झेंडूचा उग्र वास, त्याखाली ओल्या पोत्यांचा, आणि मधूनच निशिगंध. पिवळे-केशरी ढीग माणसाच्या कमरेइतके. खाली चिरडलेल्या पाकळ्यांचा चिखल. मी ताईचा दंड धरून तिला म्हणत होते, "सांभाळून हं, इथे घसरतं," आणि तेवढ्यात माझाच पाय गेला. जी बसले ती थेट शेवंतीच्या पाटीत. पाटीवाल्याने आधी फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, उठा हळू. माल खालचा दबतोय."

ताई हसली. आधी आवाज न करता, मग काठी हलेपर्यंत. मी आल्यापासून तिला मनापासून हसताना पहिल्यांदा पाहत होते. दाजी तिच्याकडेच बघत राहिले. मला उठवायचं त्यांना सुचलंच नाही.

पाटी विकतच घ्यावी लागली. बाजूच्या ओट्यावर बसून मी वही उघडली आणि झेंडूचं फूल ताईच्या डाव्या हातात दिलं. "घास कागदावर." तिने घासलं. गडद पिवळा फराटा उमटला. मग शेवंती, तिचा रंग जेमतेम आला. गुलाबाच्या पाकळीचा आधी गुलाबी आणि बघता बघता जांभळट झाला. मग देठाचा हिरवा. पान भरलं. माझ्या सलवारीवरही जवळजवळ तसंच पान भरलं होतं.

येताना एका टपरीवर वडापाव खाल्ला. लसणाची चटणी चांगली होती, पण तिखट म्हणून जे सांगत होते ते आमच्याकडे लहान मुलांना देतात. मी जिंकल्याच्या थाटात बसले होते.

घरी ताईने ते पान बराच वेळ पाहिलं. "सुंदर आहे," ती म्हणाली. "पण हे चित्र झालं, अनू. माझ्या वहीत माणसं असायची. यात माणूस कुठे आहे?"

तिने बरोबर बोट ठेवलं होतं. माणसं तिच्या वहीत यायची कारण ती माणसांत जायची. झटका आल्यापासून ती दवाखाना आणि बँक सोडून कुठे गेलीच नव्हती, हे मला दाजींनी स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं.

गुरुवार, ठाणे

म्हणून ठाणे. जिथे तिने नोकरी केली ते गाव. ती नको म्हणाली, मी ऐकलं नाही. तलावपाळीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आमच्या रंकाळ्याच्या मानाने हा तलाव लहान, पण गावाच्या मधोमध असल्याने सगळे येता-जाता त्याला भेटून जातात. ऑफिसातून सुटलेले दहा मिनिटं कठड्याला टेकतात आणि पुढे निघतात. रंकाळ्याला आम्ही ठरवून जातो आणि भेळ खाल्ल्याशिवाय परतत नाही.

आम्ही बाकावर बसलो. दाजी शेंगा आणायला गेले. तेवढ्यात एक ठेंगणी, चष्मेवाली बाई आमच्यासमोर येऊन थबकली.

"प्रभा? अगं प्रभाच ना तू?"

ताईची उजव्या हातावरची ओढणी आणखी पुढे आली. ही नलिनी. तिची दुसऱ्या खात्यात बदली होईपर्यंत दोघी कचेरीत शेजारी शेजारी बसायच्या. तिने भसकन ताईचा हात धरायला हात पुढे केला, आणि ताईचा हात काही बाहेर आला नाही. नलिनी अवघडली. मला वाटलं, आता ताई 'चल, उशीर होतोय' म्हणणार.

नलिनीच बोलली, काहीतरी बोलायचं म्हणून. "डायरी लिहितेस ना गं अजून? जेवणाच्या सुट्टीत आम्हाला वाचून दाखवायचीस. काय हसायचो!"

ताई पाण्याकडे बघत राहिली. मग तिने ओढणी बाजूला केली. हात मांडीवर होता, बोटं आत वळलेली.

"हा चालत नाही आता," ती म्हणाली. "एक वर्ष झालं."

नलिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईला ते आवडत नाही. तिने डाव्या हाताने माझ्या पिशवीतून वही ओढून काढली आणि नलिनीच्या हातात कोंबली. "रडू नकोस. त्यापेक्षा लिही. आज डब्याला काय नेलं होतंस?"

"मी? तुझ्या वहीत?"

"मग काय झालं. मी काही तुझं बनवून लिहिणार नाही, तूच लिही. खरं लिही."

मंगळवारचा टोला होता तो. मी तलावाकडे पाहिलं. नलिनीने चष्मा पुसला आणि झेंडूच्या पानाच्या मागच्या बाजूला लिहिलं, 'फोडणीचा भात. काल उरला होता. सून म्हणते मी मुद्दाम जास्त लावते. लावते.' खाली सही.

ताईने वाचलं आणि वही छातीशी धरली. मी सहा दिवसांचा आराखडा करून आले होते, पण हे माझ्या डोक्यात कुठेही नव्हतं.

मग ती थांबेना. बोटीची तिकिटं देणाऱ्याकडे काठी टेकत गेली. "दादा, माझा हात चालत नाही. एक ओळ लिहून द्याल? आज काय जेवलात?" त्याने दोनदा मागे वळून पाहिलं, कुणी व्हिडिओ काढतंय का म्हणून. मग लिहिलं, 'डबा अजून उघडला नाही. वासावरून भेंडी.' गाडी लांब लावली होती म्हणून तिथपर्यंत रिक्षा केली, तर रिक्षावाल्याने सिग्नलला हिंदीत लिहिलं, 'दाल-चावल. बीवी मायके में है, खुद बनाया, नमक भूल गया।' सिग्नल सुटला, मागचे हॉर्न देत होते, तरी त्याने पूर्णविरामाचा दंड नीट ओढला.

शुक्रवार

सगळेच काही लिहीत नाहीत. ताई सोसायटीच्या फाटकाजवळ खुर्ची टाकून बसली, तर पहिल्या मजल्यावरच्या सबनीसबाईंनी पेन हातात घेतलं आणि तसंच परत दिलं. "हे रिडेव्हलपमेंटचं नाही ना? आमच्या ह्यांनी सांगितलंय, कुठेही सही करायची नाही."

"अहो, फक्त भाजी लिहायची आहे."

"आधी भाजी लिहून घेतात, मग वर काहीही लिहितात."

दुपारी त्याच वर आल्या. सगळ्यांनी काय लिहिलंय ते बसून वाचलं, रिक्षावाल्याला "बिचारा" म्हणाल्या, आणि मग पूर्ण पानभर लिहिलं. पडवळाच्या भाजीवर. सही मात्र केली नाही.

त्या गेल्यावर ताई दाजींना म्हणाली, "नलिनी तेव्हाही फोडणीचा भातच आणायची. मी लिहिलेलं आहे. तो मधला गठ्ठा सोडा बघू."

दाजी दारापाशी खाली बसले, गाठ दातांनी सोडवली. तिघांनी मिळून शोधलं. सापडलं, एकदा नाही, सात वेळा. तोपर्यंत तिन्ही गठ्ठे सुटले होते आणि वह्या हॉलभर पसरल्या होत्या. दाजींनी नायलॉनची दोरी गुंडाळून खिशात घातली आणि खाली कचऱ्यात टाकून आले.

शनिवार, कळवा

माझी गाडी संध्याकाळची होती. सकाळी दाजींना सुके बोंबील हवे होते. त्यासाठी ते कळव्यालाच जातात. डोंबिवलीत मिळतात, पण तसे नाही, असं त्यांचं म्हणणं. ते गाडी लावायला जागा शोधत राहिले आणि आम्ही दोघी बाजारात शिरलो.

एका वडाच्या पारापाशी एक म्हातारी सुकी मासळी मांडून बसली होती, पुढे सुकटीचा ढीग आणि कडेला थोडे सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी. ऐंशीच्या पुढची असेल. पाय पसरलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा. मागची पाच मजली इमारत तिच्या मुलाचीच आहे, असं शेजारच्या भाजीवालीने सांगितलं. सगळं आयुष्य खाडीकडच्या मिठागरात गेलं. आता गरज नाही, पण घरात बसवत नाही म्हणून येते.

ताईने वही पुढे केली. आता तिला ते वाक्य पाठ झालं होतं. "आजी, माझा हात चालत नाही. एवढं लिहून द्याल का, आज काय रांधलंत?"

म्हातारीने वहीकडे पाहिलं, मग ताईकडे. "मना नाय येत गो लिवता. मी अंगठेवाली हाय."

मी पेन काढलं. "आजी, सांगा, मी लिहिते."

"तू कोन?"

"मी हिची बहीण."

"तुजी वही हाय?"

"नाही, हिची."

"मंग तू कशाला लिवतंस?" तिने हनुवटीने ताईकडे खूण केली. "ती लिवेल."

ताई शांतपणे म्हणाली, "आजी, मीपण आता अंगठाच लावते. बँकेत."

हे मला माहीत नव्हतं. दाजींनीही सांगितलं नव्हतं. दोन हजार कागदांवर लफ्फेदार सही करणारी माझी बहीण काउंटरवर शाईच्या डबीत अंगठा बुडवते आहे, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी पेन खाली घेतलं.

म्हातारीला त्यात काही विशेष वाटलं नाही. "पन वाचता येतंय नं तुला?"

"येतं."

"मंग लिव. कसाबी लिव. मना खय समजताय, बरा हाय का वाकरा हाय?"

बाजारात आवाज होता. कोळणी ओरडत होत्या, कुणीतरी बर्फ फोडत होतं. ताई पारावर बसली. उजवा हात तिने उचलून वहीवर ठेवला, कागद हलू नये म्हणून वजनासारखा. आणि माझ्याकडे न बघता डावा हात पुढे केला. मी पेन दिलं.

"सांगा, आजी."

"वांग्यात घातला."

ताईने लिहायला सुरुवात केली. 'वांग्यात' लिहायला तिला बराच वेळ लागला. 'व' फुटला, अनुस्वार पार वरच्या ओळीत गेला. कपाळावर घाम आला. पुढे तिने स्वतःच 'सुकट' लिहिलं, कारण समोर सुकट मांडलेली होती.

"आता वाच," म्हातारी म्हणाली.

"वांग्यात सुकट."

"सुकट नाय गो! सोडं. सुकट रोजचीच हाय. आज नातीचा वारदिवस, म्हनून सोडं घातलं. खोटा नको लिवू."

"चुकलं, चुकलं," ताई घाईने म्हणाली, आणि 'सुकट'वर एक आडवी रेघ मारली. पुढच्या ओळीवर गेली. या वेळी ती अक्षराकडे बघत नव्हती. "वांग्यात सोडे. नात कितवी, आजी? नाव काय तिचं? आणि भाकरी तांदळाची का?"

"तांदलाचीच. तुजे बहिनीकरं कसली करतान?"

"ज्वारीची," मी म्हणाले.

"ज्वारीची," ताईने तेही लिहिलं. ओळी उताराला लागल्या होत्या, शब्द एकमेकांवर चढत होते, आणि ती विचारत होती, लिहीत होती, पुन्हा विचारत होती. दाजी गाडी लावून आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. मी नीट दिसावं म्हणून पुढे वाकले.

"अनू, सरक गं," ताई मान वर न करता म्हणाली. "कागदावर सावली पडतेय तुझी."

मी सरकले.